तांबट आळीतील बारा मिनिटे : विद्यार्थ्यांनी माहितीपट कसा आखावा आणि कसा चित्रित करावा

माहितीपट करायचा ठरवलेल्या विद्यार्थ्यांचा गट पहिल्या भेटीत बहुधा कॅमेऱ्याविषयी विचारतो. कोणता घ्यावा, भाड्याने कुठे मिळेल, फोनवर चालेल का? फोनवर चालते. गेली काही वर्षे महाविद्यालयीन गटांना मदत करताना मला जे माहितीपट फसलेले दिसले, त्यांपैकी एकही कॅमेऱ्यामुळे फसलेला नव्हता. काहींना नेमके काय विचारायचे आहे हेच ठाऊक नव्हते आणि उरलेल्यांचा आवाज ऐकवत नव्हता. म्हणून या लेखात कॅमेऱ्याला थोडी आणि या दोन गोष्टींना बरीच जागा दिली आहे. उदाहरण एकच घेतले आहे : पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी, चार विद्यार्थी, सोळा आठवड्यांचे एक सत्र आणि बारा मिनिटांचा माहितीपट.

विषयाचा प्रश्न करणे

‘तांबट आळी’ हा विषय झाला, पण विषयावर माहितीपट उभा राहत नाही. पेशवाईत कोकणातून पुण्यात आलेले तांबट, त्यांचे बंब आणि घंगाळी, स्टेनलेस स्टीलने बळकावलेला भांड्यांचा बाजार, आळीतील कालिकादेवीचे मंदिर, नोकरीकडे वळलेली पुढची पिढी, हे सगळे बारा मिनिटांत कोंबले की हाती येते ती माहितीपुस्तिका. त्याऐवजी असा प्रश्न घ्यावा, ज्याचे उत्तर डोळ्यांसमोर घडताना दिसू शकेल. उदाहरणार्थ : ‘तीस वर्षे मठारकाम (हातोड्याच्या घावांनी भांड्यावर नक्षी उठवण्याचे काम) करणारा कारागीर आपल्या मुलाच्या हातात हातोडा देतो का आणि देत नसेल, तर तो कोणाच्या हातात देतो?’ या प्रश्नात माणूस आहे, कृती आहे आणि चित्रीकरणाच्या काळात काहीतरी बदलण्याची शक्यता आहे. या तिन्ही गोष्टी ज्यात नाहीत, तो प्रश्न आणखी घासून घ्यावा. ज्याचे उत्तर ग्रंथालयात बसून मिळते, त्यावर निबंध लिहावा.

‘लोप पावत चाललेली कला’ हे शब्द प्रस्तावात लिहिण्याचा मोह मात्र आवरावा. हा निष्कर्ष आळीत पाय ठेवण्याआधीच काढलेला असतो. माझ्याबरोबरच्या एका गटाने याच शब्दांनी सुरुवात केली आणि पहिल्याच भेटीत त्यांना दिसले, की घरगुती बंब आणि हंडे कमी झाले असले, तरी शोभेच्या कुंड्या आणि दिव्यांच्या टोप्या यांच्या मागण्यांमुळे कारखान्यात बोलायला कोणाला सवड नाही. त्यांच्या माहितीपटाचा प्रश्न तिथेच बदलला आणि सुधारला.

प्रश्न ठरल्यावर एका पानाचा प्रस्ताव लिहावा. त्यात प्रश्न, पडद्यावरील मुख्य व्यक्ती, स्थळे, चित्रीकरणाचे दिवस आणि खर्च असावा. त्याशिवाय दोन परिच्छेद हमखास असावेत : या माहितीपटात काय दिसेल आणि काय ऐकू येईल. दुसऱ्या परिच्छेदात ‘मुलाखती आणि पार्श्वसंगीत’ एवढेच लिहिता आले, तर आळीत परत जाऊन तासभर नुसते ऐकत उभे राहावे.

कॅमेऱ्याशिवाय चार फेऱ्या

भारतीयाने केलेल्या पहिल्या चित्रीकरणांपैकी एक म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, अर्थात सावेदादा यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये टिपलेली कुस्ती. कुस्ती कुठे होणार, किती वाजता होणार, मल्ल कोणत्या रिंगणात फिरणार, हे आधी ठाऊक असणे ही अशा चित्रीकरणाची मोठी सोय असते. आपल्या विषयात ही सोय आपणच निर्माण करायची असते आणि त्यासाठी प्रत्यक्ष जागेची पाहणी, म्हणजेच रेकी, करावी लागते.

पहिल्या फेरीत पिशवीतून फोनही काढू नये. नमस्कार करावा, आपण कोण आणि कशासाठी आलो ते सांगावे, चहा घेतला तर घ्यावा आणि निघावे. दुसऱ्या फेरीत वही घेऊन कामाचा क्रम लिहावा. तांब्याचा पत्रा कापला जातो, ठोकून त्याला आकार दिला जातो, ठोकून ठोकून तो कडक झाला की भट्टीत तापवून नरम केला जातो, साफ होतो आणि पुन्हा ठोकला जातो. शेवटी मठारकाम होते, म्हणजे हातोड्याच्या एकसारख्या घावांनी भांड्यावर चकाकणाऱ्या टिकल्यांची नक्षी उठते आणि त्याच घावांनी पत्रा कणखरही होतो. हा क्रम माहितीसाठी नव्हे, तर वेळापत्रकासाठी लागतो. पत्र्यापासून तयार भांड्यापर्यंतचे सगळे टप्पे एका दिवसात एकाच भांड्यावर मिळतील असे धरून चालू नये. एकच भांडे दिवसेंदिवस पाठलाग करून टिपायचे, की वेगवेगळ्या भांड्यांवरचे टप्पे दाखवायचे, हा निर्णय रेकीनंतर लगेच घ्यावा. संकलनाच्या टेबलावर तो घेणे फार महाग पडते.

तिसरी फेरी प्रकाशासाठी आणि आवाजासाठी राखून ठेवावी. अरुंद आळीत ऊन थेट दारात पडते ते दिवसातून थोडाच वेळ, त्यामुळे सकाळी नऊपासून दर तासाला त्याच जागेवरून फोनने एक छायाचित्र घ्यावे आणि वेळ लिहून ठेवावी. त्याच कागदावर आवाजांची नोंद करावी : शाळेची घंटा, भोंगे, भाजीवाला, शेजारच्या दुकानाचे शटर, आतल्या खोलीतला पंखा, कामाच्या जागी दिवसभर चालणारा रेडिओ. पुण्यात वीज आणि पाणी बंद ठेवून दुरुस्तीची कामे करण्याचा वार बहुधा गुरुवार असतो, तेव्हा दिव्यांवर अवलंबून असलेले काम गुरुवारी ठेवू नये. गणेशोत्सवाच्या आधीचे आठवडे कसबा पेठेत ढोल-ताशांच्या सरावात जातात, हेही कॅलेंडरवर लिहून ठेवावे.

चौथ्या फेरीत परवानगीचा कागद घेऊन जावे. तो मराठीत आणि एका पानाचा असावा. कोणता गट, कशासाठी चित्रीकरण, ते कुठे दाखवले जाईल, इंटरनेटवर टाकले जाईल का, आणि एखादे वाक्य वगळायचे असल्यास कोणत्या तारखेपर्यंत सांगता येईल, हे त्यात लिहिलेले असावे. कागद पुढे करून सही मागण्याऐवजी तो मोठ्याने वाचून दाखवावा. ‘काका, यातलं काही खटकलं तर आत्ताच सांगा, आपण खोडून टाकू,’ एवढे म्हटले की पुढची बरीच अवघड संभाषणे टळतात. अठरा वर्षांखालील मुले दिसणार असतील, तर पालकांची सही घ्यावी. आळीच्या चित्रीकरणात जवळच्या शनिवारवाड्याचे एखादे दृश्य हवेसे वाटते, पण ती भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची संरक्षित वास्तू आहे. आत चित्रीकरण करायचे तर विभागाकडे आगाऊ अर्ज करावा, नाहीतर त्या दृश्यावर पाणी सोडावे. माझ्या मते सोडलेलेच बरे, कारण शनिवारवाड्याचा आपल्या प्रश्नाशी काही संबंध नाही. ड्रोनचेही तसेच. उडवायचाच असेल, तर २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा हिरवा, पिवळा, लाल क्षेत्रांचा नकाशा आधी पाहावा.

दिवस, माणसे आणि पैसे

सोळा आठवड्यांपैकी पहिले पाच संशोधन, रेकी आणि प्रस्ताव यांना द्यावेत, त्यानंतरच्या चार आठवड्यांत विखुरलेले सहा दिवस चित्रीकरणाला द्यावेत आणि उरलेला सगळा वेळ संकलनाला. सलग सहा दिवस चित्रीकरण करू नये. दोन दिवसांनंतर फुटेज पाहिल्यावर जे राहून गेले असे कळते, ते टिपण्यासाठी पुढचे दिवस हाताशी असावे लागतात.

कामांची वाटणी नावानिशी करावी : एक जण दिग्दर्शन आणि मुलाखती, एक कॅमेरा, एक ध्वनी, एक नोंदी, परवानग्या आणि मेमरी कार्डांची जबाबदारी. ध्वनी पाहणाऱ्याच्या कानांवर दिवसभर हेडफोन असलाच पाहिजे, आणि ‘थांबा, पुन्हा घेऊ’ म्हणण्याचा अधिकार दिग्दर्शकाइतकाच त्यालाही असला पाहिजे. कॅमेरा कोणाकडेतरी असतोच, म्हणून हातचे पैसे आधी चांगल्या कॉलर माइकवर, कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनवर आणि हार्ड डिस्कवर खर्च करावेत. प्रवास, चहा-नाश्ता आणि छपाई हे खर्च लहान दिसतात, पण सहा दिवसांत त्यांचीच बेरीज मोठी होते.

कारागिराला मुलाखतीचे पैसे देऊ नयेत, असे शिकवले जाते आणि ते बरोबरच आहे, कारण पैसे घेतलेला माणूस आपल्याला हवे ते बोलू लागतो. मात्र तो नगावर मजुरी घेत असेल, तर आपल्यामुळे बुडालेल्या तासांची भरपाई हा वेगळा विषय आहे. ती काय करायची, हे मालक आणि कारागीर दोघांशी आधीच उघडपणे बोलून ठरवावे.

आवाज

तांबट आळी ध्वनिमुद्रणासाठी अत्यंत कठीण जागा आहे आणि म्हणूनच शिकण्यासाठी फार चांगली. हातोड्याचा घाव क्षणभराचा असतो, पण त्याची पातळी बोलण्याच्या कितीतरी वर जाते. फोन आणि साधे कॅमेरे आवाजाची पातळी आपोआप ठरवतात : घाव पडला की यंत्र पातळी एकदम खाली आणते, त्यामुळे पाठोपाठ बोललेले शब्द दबतात, मग यंत्र सावकाश पातळी वर चढवते आणि खोलीची घरघर वर येते. प्रत्येक घावागणिक हे घडते आणि ऐकताना आवाजाला दम लागल्यासारखे वाटते. हा दोष संकलनात निघत नाही. म्हणून स्वयंचलित पातळी बंद करून ती हाताने ठरवावी. यंत्राच्या मापकावर साधे बोलणे उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील आणि घाव शून्याला, म्हणजे जिथे आवाज फाटतो तिथे, टेकणार नाहीत, अशी ठेवावी. दोन्ही एकाच वेळी जमत नसेल, तर घाव आणि बोलणे वेगवेगळ्या वेळी मुद्रित करावे. रेकॉर्डरमध्ये तोच आवाज कमी पातळीवर दुसऱ्या ट्रॅकवर साठवण्याची सोय असेल, तर ती चालू ठेवावी. मुद्रण ४८ किलोहर्ट्झवर करावे.

दुसरी चूक अधिक फसवी आहे, कारण ती चित्रीकरणाच्या वेळी छान वाटते. कारागीर काम करता करता बोलतो आहे, मागे ठोकण्याचा ताल चालू आहे, सगळे जिवंत वाटते. पण चाळीस मिनिटांच्या मुलाखतीतून तीन मिनिटे निवडताना वाक्ये जोडावी लागतात आणि प्रत्येक जोडावर मागचा ताल अडखळतो. प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण काहीतरी कापले आहे हे कळते. माझ्या पहिल्या खेपेला मी अशी दोन दिवसांची मुलाखत अक्षरशः फेकून दिली होती. उपाय सोपा आहे : मुलाखत जेवणाच्या सुट्टीत किंवा आळी थांबल्यावर, आतल्या खोलीत, पंखा आणि रेडिओ बंद करून घ्यावी, आणि ठोकण्याचा आवाज वेगळा, सलग पाच मिनिटे, माइक जवळ आणि मग लांब ठेवून मुद्रित करावा. संकलनात तो मुलाखतीखाली हवा तेवढाच अंथरता येतो. रेडिओ बंद करायला सांगण्यामागे आणखी एक कारण आहे. त्यावरची गाणी स्वामित्व हक्काखाली असू शकतात. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो.

कॉलर माइक हनुवटीखाली एक वीत अंतरावर लावावा. सदऱ्याचे कापड माइकवर घासते का, हे बोलणाऱ्याला मान डावी-उजवीकडे वळवायला सांगून हेडफोनवर तपासावे. आवाज वेगळ्या यंत्रावर घेत असाल, तर प्रत्येक टेकच्या आरंभी कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवावी, म्हणजे संकलनात आवाज आणि चित्र जुळवता येतात. मुलाखत संपल्यावर कोणीही उठायच्या आत त्या खोलीची शांतता एक मिनिट मुद्रित करावी. हे एक मिनिट अवघड जाते, सगळे एकमेकांकडे पाहून हसतात, पण जोडांमधल्या फटी बुजवायला तेच उपयोगी पडते.

मुलाखत

प्रश्न लिहून न्यावेत, पण ते आधी देऊ नयेत. आधी दिले की पाठ केलेली उत्तरे मिळतात. आपला प्रश्न पडद्यावर ऐकू येणार नसेल, तर उत्तरातच विषय यायला हवा. ‘किती वर्षे?’ याला ‘तीस’ असे उत्तर निरुपयोगी ठरते. ‘तुम्ही पहिल्यांदा हातोडा उचलला तो दिवस सांगा ना,’ असे म्हटले की माणूस वाक्यात बोलतो, आणि बहुधा वडिलांपासून सुरुवात करतो. सोपे प्रश्न आधी, मुलाविषयीचा प्रश्न शेवटी. उत्तर संपले असे वाटल्यावर मनात पाच आकडे मोजेपर्यंत गप्प बसावे. त्या शांततेनंतर आलेले वाक्य अनेकदा अख्ख्या माहितीपटाचे वाक्य असते. हुंकार तोंडाने देऊ नये, मानेने द्यावा, कारण तुमचे ‘हो, हो’ त्याच्या आवाजावर बसते.

प्रश्न विचारणाऱ्याने कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी, भिंगाच्या उंचीवर बसावे. खिडकी बोलणाऱ्याच्या पाठीमागे नको, बाजूला हवी. माणसाला त्याच्या सवयीच्या बैठकीतून उठवून खुर्चीत बसवू नये. तांबट जमिनीवर बसून काम करत असेल, तर कॅमेराही जमिनीवर यायला हवा. त्याची बोली पुस्तकी करायला लावू नये.

काम करणारे हात

आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, तर अनेक फोन मुळात सेकंदाला ३० फ्रेमवर लावलेले असतात, आणि शटर (प्रत्येक फ्रेमवर प्रकाश पडण्याचा वेळ) १/६० सेकंदावर असले की ट्यूबलाइटच्या प्रकाशात चित्र लुकलुकते. म्हणून २५ फ्रेम आणि १/५० शटर ठरवून टाकावे आणि दोन कॅमेरे असतील तर दोन्हींवर तेच ठेवावे. फोनमधील मूळ कॅमेरा फ्रेमचा वेग अधूनमधून बदलतो आणि लांब चित्रणात आवाज ओठांपासून सरकतो, तेव्हा वेग स्थिर ठेवणारे ॲप वापरावे. चकाकणारे तांबे आणि अंधारी खोली एकत्र आली की स्वयंचलित उजेड सतत वरखाली होतो, त्यामुळे उजेड आणि फोकस दोन्ही कुलूपबंद करावेत आणि भांड्यावरची टिकली पांढरीफटक होणार नाही इतका उजेड कमी ठेवावा.

प्रत्येक कृतीचे निदान पाच शॉट घ्यावेत : हात, चेहरा, दोन्ही एकत्र, खांद्यावरून त्याला जे दिसते ते, आणि संपूर्ण जागा. प्रत्येक शॉट कॅमेरा न हलवता दहा सेकंद धरावा. मठारकामात एक मोठी सोय अशी, की तीच हालचाल शेकडो वेळा होते. पहिल्या पन्नास घावांत हात टिपावेत, पुढच्या पन्नासांत चेहरा, आणि संकलनात ते एकाच वेळचे वाटतात. भट्टीजवळ मात्र अशी संधी नसते. तापलेले भांडे चिमट्याने बाहेर येते ते काही क्षणच, तेव्हा ते कोणत्या बाजूने येणार हे आधी विचारून ठेवावे. ‘पुन्हा एकदा करा’ असे तिथे म्हणू नये.

मला आठवतो तो शॉट ठरवून घेतलेला नव्हता. घावांमध्ये कारागीर मधूनच थांबून भांडे कानाशी नेई, नखाने टिचकी मारी आणि पुन्हा ठोकू लागे. कॅमेऱ्यावरच्या मुलीने पहिल्या दिवशी हे पाहिले, दुसऱ्या दिवशी त्या टिचकीची वाट पाहत बसली आणि ती मिळाली. बारा मिनिटांत एकाही वाक्याने जे सांगितले नसते, ते त्या सात सेकंदांत आले.

बारा मिनिटांसाठी चार तासांचे फुटेज पुरेसे होते. ५० मेगाबिट प्रतिसेकंदाने चित्रण केले, तर तासाला सुमारे २२ जीबी म्हणजे चार तासांना ९० जीबी जागा लागते. रोज संध्याकाळी कार्ड दोन वेगळ्या डिस्कवर उतरवून, फाइल उघडून पाहूनच कार्ड पुसावे. दोन्ही डिस्क एकाच बॅगेत ठेवू नयेत.

कागदावरचे संकलन

संगणक उघडण्याआधी मुलाखती शब्दशः उतरवून काढाव्यात आणि प्रत्येक परिच्छेदापुढे वेळ लिहावी. कंटाळवाणे काम आहे, पण ते चौघांनी वाटून घेतले की दोन दिवसांत होते. मग उपयोगी वाक्ये कागदाच्या पट्ट्यांवर उतरवून भिंतीवर लावावीत आणि त्यांच्यामध्ये वेगळ्या रंगाच्या पट्ट्यांवर दृश्ये लिहावीत. भिंतीवर सलग चार पट्ट्या नुसत्या बोलण्याच्या दिसल्या, तर त्यांतली एक काढावी. निवेदनाची गरज वाटली, तर आधी ते निवेदन न घालता जुळणी करून पाहावी. निम्म्या वेळा गरज उरत नाही.

पहिली जुळणी वीसेक मिनिटांची होते. ती कापून चौदापर्यंत आणल्यावर, संगीत घालण्याआधी आणि चित्राचे रंग जुळवण्याआधी, लॅपटॉप घेऊन आळीत जावे आणि कारागिराला ती दाखवावी. आम्ही दाखवली तेव्हा सहाव्या मिनिटाला त्यांनी हात वर केला. ‘हे भांडं तर मठारून झालंय, मग पुन्हा भट्टीत कशाला टाकलंत?’ आम्ही दोन वेगळ्या भांड्यांचे शॉट एकाच भांड्याचे म्हणून जोडले होते आणि क्रम उलटा लावला होता. आमच्यापैकी कोणाच्या, मार्गदर्शक म्हणून माझ्याही, ते लक्षात आले नव्हते. त्याच बैठकीत त्यांनी मुलाच्या पगाराविषयीचे एक वाक्य काढायला सांगितले आणि ते काढले.

श्रेयनामावलीतील प्रत्येक नाव ज्याचे त्याच्याकडून लिहून घ्यावे. शेवटी दोन प्रती काढाव्यात : एक इंग्रजी उपशीर्षके चित्रावरच छापलेली आणि एक उपशीर्षकांविना, सोबत त्यांची वेगळी फाइल. महोत्सव बहुधा पहिली मागतात. पेन ड्राइव्हवर आळीत द्यायची ती दुसरी.